बिननारळाचं चाक

शनि. ९ जाने. १९५४
गणू लोहार सोमवारी कल्याणला चालला, कायमचा. मुलगा रेल्वेच्या कारखान्यात लागलाय, सून पोटुशी, म्हातारा-म्हातारी दोघांनाही बोलावणं आहे. जा म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तो असेतो हातातली सगळी चाकं उरकायची म्हणून सकाळपासून गोवऱ्यांचं रिंगण पेटतं ठेवलं. लोखंडाची धाव लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची, वरून पाणी. लोखंड आवळलं की चाक कुरकुरतं. त्या कुरकुरीवरून कळतं बसलं की नाही. कामोठ्याच्या दामाच्या चाकांच्या जोडीला कडेचे लाकडी पाटे कमी पडले. नव्या थप्पीतले घेतले. नखाला ओलसर लागले. हसनमियाने वखारीतून देतानाच सांगितलं होतं, "मिस्त्री, ये अभी कच्चा है, दिवाळीपर्यंत मुरू दे." पण गणू गेल्यावर धाव कोण चढवणार? चालेल म्हटलं.

जाताना गणूला एकच काळजी. "शामू, नारळाचं काय करशील?"

रवि. १० जाने.
मुंबईहून पाळकसाहेब आले, महिन्याची फेरी. ओटीवर प्रार्थना. मी आणि मार्था, दवाखान्यातल्या नर्सबाई, लुकस हवालदार आणि त्याचं बिऱ्हाड. पनवेलातली मंडळी म्हणजे एवढीच. सतरंजीसुद्धा पूर्ण भरत नाही.

पा. सा. अंगणात फिरले. करवतीच्या खड्ड्यापाशी करवंटीचे तुकडे दिसले. हे काय म्हणाले. सांगावं लागलं. इकडची रीत अशी, की नवं चाक अंगणाबाहेर पडायच्या आधी ज्यानं घडवलं त्यानंच त्याला हळदकुंकू लावायचं आणि मधल्या तुंब्यावर नारळ फोडायचा. नाहीतर आगरी माणूस चाक गाडीला लावत नाही. धाव गणू चढवायचा, म्हणजे चाक त्यानंही घडवलं, असं मी गिऱ्हाइकांच्या गळी उतरवलेलं. तो फोडायचा. मी टोपी काढून बाजूला उभा, मनातल्या मनात माझी प्रार्थना. दोघांचंही भागत होतं.

"म्हणजे नारळ तुमचाच, शमुवेलराव. हात तेवढा उसना."

चहा गार होतोय म्हटलं.

ते गेल्यावर मार्था भांडी घासता घासता म्हणाली, गणूनं फोडला तरी आवाज आपल्याच अंगणात यायचा. ही बाई महिन्यातून एकदा बोलते आणि मग महिनाभर ऐकू येत राहतं.

ठरलं. इथून पुढे अंगणात नारळ नाही, कुणाच्याच हातानं नाही. ठरवणं सोपं आहे. गणू तसाही चाललाय.

शुक्र. १५ जाने.
दामा चाकं न्यायला आला. मिठागरावर गाडी लावायचीय त्याला, मीठ ओढायला. चाकांभोवती दोनदा फिरला, थापट्या मारल्या, खूश. मग इकडेतिकडे बघायला लागला.

"मेस्त्री, नारल?"

गणू गेला म्हटलं.

"तुमी हाव ना. तुमीच घरवलंय."

मी फोडत नाही, माझा धर्म तसा नाही, हे त्याला ठाऊक आहे. इतकी वर्षं कानाडोळा करत होता, मीही करत होतो. म्हटलं, मी माझ्या देवाला सांगतो तुझ्या बैलांना जप म्हणून. घरी नेऊन तुला काय करायचं ते कर.

घरी फोडून काय उपयोग, घडवणाऱ्याचा हात पाहिजे, म्हणाला. पण मिठागराचं काम उद्याच लागायचं होतं. तोंड वाकडं करून चाकं घेऊन गेला. मी उघड्या डोक्यानं उभा राहून मोठ्यानं प्रार्थना केली. पहिल्यांदाच मोठ्यानं. समोरच्या शिंप्याची शिलाई थांबली.

मंगळ. २ फेब्रु.
ओवे गावचे दोघे येऊन चाकं बघून गेले, घेतली नाहीत. एकजण म्हणाला, "बघतो, भावाला विचारतो." भाऊ त्याला नाही. मी ओळखतो ना त्याचं घर.

तळ्यापलीकडचा रामा सुतार सध्या नारळ असे जोरात फोडतो की इथपर्यंत ऐकू येतात. मुद्दाम असेल. नसेलही. माझे कान तिखट, हा माझाच दोष.

त्यात मुंबई रस्त्यानं मोटारीच्या चाकांच्या बैलगाड्या दिसायला लागल्यात. रबरी टायर. त्यांना नारळ फोडतात की नाही विचारायला पाहिजे.

रवि. २१ फेब्रु.
ऊन तापायला लागलं.

प्रार्थना चालू असताना रस्त्यावरून दामाची गाडी गेली. मिठाची, भरलेली. डोळे मिटलेले होते तरी ओळखली. आणि त्यात एक बारीक टक्. प्रत्येक फेऱ्याला एकदा, टक्. डाव्या चाकाचं. लाकूड सुकून आकसलं की धाव ढिली पडते आणि असं बोलते.

लुकसभाऊ आजाऱ्यांसाठी देवाकडे मागत होते. उठावं वाटलं. देवाच्या समोरून उठून गाडीमागे धावायचं? उठलो नाही. उद्या कामोठ्याला जाऊन येईन.

सोम. २२ फेब्रु.
गेलो नाही. घराच्या चौकटीचं काम आलंय, ते घेऊन बसलो. उद्या.

मंगळ. २३ फेब्रु.
रोडपालीच्या अलीकडे उताराला दामाची धाव निसटली. चाक भुईमुगाच्या शेंगेसारखं उकललं म्हणे. गाडी कलंडली, मीठ खाडीच्या चिखलात, डावा बैल जुवाखाली गुडघ्यांवर आदळला. दामाचा भाऊ उडी मारून वाचला. बैल उभा राहतोय पण पाय टेकत नाही.

जेवण गेलं नाही. मार्थाला रविवारचं सांगितलं. ती म्हणाली, "बैल खड्ड्यात पडला तर विसाव्याच्या दिवशीही काढावा असं आहे ना आपल्यात? मग पडायच्या आधी का नाही?"



गुरु. २५ फेब्रु.
बाजारात गेलो तर गर्दी जरा फाकली. चहाच्या दुकानात बोलणं चालू होतं, मी शिरलो तसं दुसऱ्याच विषयावर गेलं. पण दारातच ऐकलं होतं. बिननारळाचं चाक. देवानं दाखवलं.

गंमत अशी, की मला कुणी नावं ठेवत नाही. उलट म्हणतात, मिस्त्रीचा हात साफ, असलं काम कोकणात होत नाही, पण मान राखला नाही तर चाक तरी काय करील. माझ्या हाताची इतकी स्तुती मी आजवर ऐकली नव्हती.

हसनमिया वखारीतून बाहेर आला. मला आत नेलं, सरबत दिलं. मग हळूच, "मिस्त्री, लोक नारळ म्हणतायत तर म्हणू द्या. लाकडाचं नाव निघालं तर तुमचं दुकान जाईल आणि मेरी वखार भी. चूप बसायला काय जातं?"

खरंच, काय जातं? सबंध वाटभर हिशेब मांडत आलो. नारळावर ढकललं तर मी चांगला कारागीर राहतो. रीत चुकली एवढंच. लाकूड म्हटलं तर मी गेलो. आणि नारळावर ढकललं तर माझा देव गेला. म्हणजे त्यांच्या लेखी तो दामाच्या बैलाला राखू शकला नाही. ज्याच्याकडे मी मोठ्या आवाजात मागितलं होतं.

लबाडी जमते मला. अनाथाश्रमात वाढलेल्या पोराला जमायलाच लागते. पनवेलात आलो तेव्हा एक रंधा आणि एक बायको एवढाच पसारा होता, बाकी सगळं जिभेवर उभं केलंय. म्हणूनच भीती वाटते.

सोम. १ मार्च
आज आले. दामा, त्याचा चुलता, आणखी गावातले दोघं. ओटीवर बसवलं. मार्थानं पाणी दिलं, पाणी घेतलं त्यांनी, हे लिहून ठेवतो. पूर्वी घेत नव्हते.

चुलता मोठा गोड माणूस. त्यानं तोडगा आणला होता. मिस्त्रींनी दामाला नवं चाक द्यावं, आणि एक डाव नारळ फोडून देवाची माफी मागावी. मग कामोठ्याच्या सगळ्या गाड्या पुन्हा इथंच. नाहीतर... तंबाखू मळत बसला.

फुटलेला पाटा त्यांनीच आणला होता. मी तो उचलला, सांध्यात अंगठा घातला. अख्खं नख आत गेलं.

म्हटलं, "काका, देव रागावलेला नाही. तुमचा नाही आणि माझाही नाही. लाकूड ओलं होतं."

मग दामा, हळू आवाजात, "मंग वखारवाल्यानं फसवलं तुमाला."

"नाही. त्यानं ओलं आहे हे सांगूनच दिलं होतं. मला माहीत होतं. घाई होती म्हणून मी घातलं. आणि त्या रविवारी तुझी गाडी वाजत चाललेली मी ऐकली. प्रार्थनेला बसलो होतो, उठलो नाही."

दामा माझ्याकडे बघतच राहिला. शिवी देईल वाटलं. द्यायला हवी होती.

"मेस्त्री, नारलाचं बोलला असता तं बरं झालं असतं," एवढंच म्हणाला आणि उठला.

म्हटलं, नवी जोडी देईन, मुरलेल्या बाभळीची, बैलाला बरं वाटेल तेव्हा ये. मागे वळून पाहिलं नाही.

गुरु. ४ मार्च
अंदाज होताच. बिननारळाचा मिस्त्री एकवेळ चालला असता, ओल्या लाकडाचा कोण ठेवणार? चौकटीचं कामही परत नेलं. हसनमियाने मात्र दुकानातून हात वर करून सलाम केला, भर बाजारात.

रामा सुतार आला होता. वाईट माणूस नाही. म्हणाला, माझ्याकडे या, तुम्ही घडवा, नाव माझं, नारळ मी फोडीन. तुम्हाला काही बघायला नको.

पुन्हा गणूच की. फक्त अंगण दुसऱ्याचं. नको म्हटलं. तो म्हणाला, "तुमचा देव लई महागाचा दिसतोय, मिस्त्री." मी हसलो. तोही हसला. पण तसं आहे खरं.

शनि. २० मार्च
शिमगा. रात्रभर ढोल, अजून कान भणभणतायत.

गणू सणाला आला होता, रंगात न्हालेला. थेट अंगणात. भट्टीतल्या गार राखेत हात घालून बघितला. मग बसला, सगळं ऐकलं.

"तुझा पाळक म्हणाला म्हणून?"

नाही म्हटलं, मलाच झेपेना.

मग म्हणाला, "एक सांगू शामू? मी नारळ फोडायचो ना, तेव्हा आमच्या देवांची नावं घेऊन झाली की तुझ्याचंही घ्यायचो. म्हटलं चाक त्याच्या माणसाचं, उगाच रुसायला नको."

इतकी वर्षं. मला पत्ता नव्हता. मी टोपी काढून उभा राहायचो आणि हा तिकडे माझंच काम करत होता.

हसावं का काय ते कळेना. मार्थानं त्याला भाकरी वाढली. आमच्याकडे सध्या नाचणी आणि सुकट. तो कल्याणच्या खाणावळींना शिव्या देत सगळी खाऊन गेला.

मंगळ. ६ एप्रिल
कोंबड्या गेल्या. मार्थानं शेजारी विकून टाकल्या, मला न विचारता. एक ठेवलीय, तांबडी. ती अंडी देत नाही पण हिची लाडकी.

दिवसभर दामाची जोडी. मागच्या शेडमधली बाभूळ काढलीय, गणूबरोबर रचलेली, जानेवारीत चिरायला सवड नव्हती ती, वाजवली तर घंटेसारखी वाजते. पैसा नाही या कामाला, पण हात रिकामे राहिले तर डोकं चालायला लागतं.

डोक्यात मुंबई चाललीय. गोदीत सुतार घेतात. गेलो तर रविवारची ओटी बंद. नर्सबाई एकट्या पडतील. लुकसभाऊंची बदली तर कधीही. मार्थाला विचारलं तर म्हणते, आधी चाक पुरं करा.

शुक्र. १६ एप्रिल, शुभ शुक्रवार
पा. सा. आले. पाणी न घेता उपास, त्यामुळे चहाचा प्रश्न नव्हता. लुकसभाऊंनी त्यांना सगळं सांगून टाकलं. भक्तीनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, फार मोलाची साक्ष दिलीत. प्रभू कसोटी घेतो. मी होय म्हटलं.

मग म्हणाले, मुंबईच्या देवळातले बाक मोडकळलेत, आपलेच आहात, सवडीनं बघाल का. म्हटलं सवड भरपूर आहे.

पण जाताना फाटकात थांबले. म्हणाले, त्या रविवारी तुम्ही प्रार्थनेतून उठला नाहीत ते बरोबरच केलंत. मी मार्थाकडे बघितलं. ती तांबड्या कोंबडीला दाणे टाकत होती, अगदी लक्षपूर्वक.

त्यांच्याशी वाद घातला नाही. चांगला माणूस आहे, उन्हातून चालत एसटीला गेला. पण याबाबतीत माझं मत बायकोच्या बाजूला.

गुरु. २२ एप्रिल
जोडी तयार, धाव बाकी. एकट्यानं चढत नाही. चिमट्याला तीन माणसं तरी हवीत. रामाकडे मागावं का?

कामोठ्याला निरोप धाडला, चाक तयार आहे, धावेला माणूस नाही.

शनि. २४ एप्रिल
सकाळी दामा आणि भाऊ हजर. लंगोट कसूनच आले होते. बैल बरा आहे, हळू चालतो, मीठ ओढत नाही, शेणखत ओढतो. एवढं बोलला. बाकी कामात.

रिंगण पेटवलं. दामाला धाव धरायची कशी ते दाखवलं. पहिल्या वेळी त्याचा चिमटा सटकला, मनगट भाजलं, हूं नाही की चूं नाही. दुसऱ्या वेळी बसली. मार्था घागरीनं पाणी ओतत होती. वाफेत कुणी कुणाला दिसत नव्हतं. मी कान लावून उभा. कुरकुरली. मग एकदम गप्प. आतून घट्ट.

दोन्ही झाली. मी टोपी काढली. दामा म्हणाला, "थांबा." मुंडासं सोडलं, भावालाही सोडायला लावलं. "आता बोला तुमचं काय तं."

काय बोललो आठवत नाही. बैलाचं नाव घेतलं हे आठवतं. आमेन म्हटल्यावर तो मागाहून, जरा उशिरा, "आमीन" म्हणाला. भाऊ हसला, त्याला कोपरखळी.

मग गाडीखालून पिशवी काढली. नारळ.

मी काही बोलायच्या आत, "तुमच्या आंगनात नाय. रस्ता सरकारचा हाय." चाकं ढकलत फाटकाबाहेर चिंचेखाली नेली.

मला राहवेना. म्हटलं, दामा, पण तुमच्यात घडवणाऱ्याच्या हातचा लागतो ना?

त्यानं भाजलेलं मनगट वर केलं. "धाव कोनी धरली? माज्या पन हातचं हाय आता."

फोडला. आवाज इथपर्यंत आला, चांगला सणसणीत. मी ओटीवर बसलो, नव्हे, बसवलं स्वतःला.

परत आला तो अर्धी वाटी घेऊन. मार्थाच्या हातात दिली. वहिनी म्हणाला. आजवर मेस्त्रीनबाई म्हणायचा. पुढच्या चाकांचं विचारलं तर, "पावसाआधी बघू. उन्हात काय करतात ती आधी ऐकू द्या." त्याच्या शब्दावर निम्मं कामोठं आहे, हे त्यालाही माहीत.

रवि. २५ एप्रिल
प्रार्थनेच्या मध्यात गाडी. दामाचीच, रिकामी, शेताकडे. मी डोळे मिटून. मार्थानं ढोसलं. "उठा."

उठलो. नर्सबाईंचं वाचन चालू होतं, त्या थांबल्या. फाटकात उभा राहून वळणापर्यंत ऐकलं. टक् नाही. आज नाही. अजून अख्खा वैशाख जायचाय, लाकूड काय बोलायचं ते तेव्हा बोलेल. दामानं मागे न बघताच चाबकाची काठी वर केली.

परत आलो तर सगळे डोळे उघडे ठेवून माझी वाट बघत बसलेले. लुकसभाऊंनी विचारलं, काय? ठीक आहे म्हटलं. नर्सबाईंनी थांबल्या होत्या तिथूनच वाचायला घेतलं.

खोबऱ्याची वाटी फडताळात आहे, ओल्या फडक्याखाली. मूर्तीपुढच्या अन्नाबद्दल शास्त्रात आहे ते काढून दोनदा वाचलं. खा असंही निघतं, नको असंही. पा. सा. पुढच्या महिन्यात येणार. रस्ता सरकारचा, वाटी दामाची, फडताळ माझं.

मार्था विचारते, कालवणात वाटून घालू का, नाहीतर चूल विझवते. उन्हाळ्याचं ओलं खोबरं, उद्यापर्यंत टिकायचं नाही.